मुलांच्या शिबिरासाठी अमेरिकेला जाताना

रेवदंड्यात पाऊस कोसळत असतो, तेव्हा अमेरिकेत मुलांची उन्हाळी शिबिरं भरतात. तिथे मुलांना सांभाळणारा काउन्सेलर म्हणून जायला जे-१ व्हिसा लागतो. वय किमान १८, मुक्काम जास्तीत जास्त ४ महिने.

मुलाखती दोन. पहिली या व्हिसाची प्रायोजक संस्था समोरासमोर घेते. शिक्षकांचं किंवा मालकाचं शिफारसपत्रही लागतं. मुलाखतीत घरच्या आठवणीने रात्री रडणाऱ्या मुलाला कसं सांभाळाल, असं विचारलं तर ‘मला मुलं आवडतात’ एवढ्याने भागत नाही. पोहायला शिकवताना घाबरलेल्या पोराला आधी गुडघाभर पाण्यात कसं उभं केलं, ते सांगावं.

दुसरी व्हिसासाठी, मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत. शिबिर आधीच ठरलेलं हवं. स्वयंपाक, भांडी घासणं ही कामं या व्हिसात बसत नाहीत. कुणी एजंट तसं काम देऊ लागला, तर पैसे भरू नयेत.