विजेवरची एसटी: तिकीट निम्मे, पण स्टीअरिंगचे काय?

१ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती नगर-पुणे मार्गावर. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवरची पहिली बस ‘शिवाई’ही याच मार्गावर सुरू झाली. या बदलात महिलांच्या वाट्याला काय आले, समजून घेऊ.

प्रवासात काय मिळाले?
१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे. शिवाईलाही ही सवलत लागू आहे. मात्र शिवाई मोठ्या शहरांना जोडते. अकोले, पाथर्डी किंवा जामखेडच्या खेड्यांतून दवाखाना, बाजार, कॉलेजसाठी तालुक्याला येणाऱ्या महिलांची भिस्त साध्या लालपरीवरच असते.

नोकरीत काय मिळाले?
महिला वाहक एसटीत अनेक वर्षांपासून आहेत. महिला चालक आल्या त्या २०२३ मध्ये. त्यांच्यासाठी महामंडळाने भरतीच्या अटी शिथिल केल्या आणि प्रशिक्षणही दिले.

मग अडचण कुठे?
भाडेतत्त्वाच्या करारात. महामंडळाने ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचे ठरवले. अशा करारात बस, देखभाल आणि चालक कंपनीचा असतो. महामंडळ प्रति किलोमीटर पैसे मोजते. त्यामुळे महामंडळाने घडवलेली महिला चालक आपोआप ई-बसवर जात नाही. खरे तर क्लच दाबून गिअर बदलण्याची कटकट नसल्याने ही बस चालवायला सोपी आहे.

इतरांनी काय केले?
दिल्ली सरकारने २०२२ मध्ये महिला चालकांसाठी उंचीची अट १५९ वरून १५३ सेंटिमीटरवर आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे सरोजिनी नगरला महिलाच चालवत असलेला ‘सखी डेपो’ सुरू झाला.

आपल्याकडे काय करता येईल?
• महिला चालकांचे किमान प्रमाण करारातच लिहावे.
• आगारात चार्जिंगची सोय उभारतानाच महिलांसाठी विश्रांती कक्ष आणि स्वच्छतागृह बांधावे.
• रात्री उशिरा ड्युटी संपल्यास घरी पोहोचवण्याची व्यवस्था असावी.
• तालुक्याच्या फेऱ्यांनाही ई-बस द्याव्यात.

असे करार बरीच वर्षे चालतात. म्हणून या अटी सही होण्याआधीच घालायला हव्यात. नंतर हाती उरते ती फक्त विनंती.