उकिरडा, बिबट्या आणि आपले घर



'पर्यावरण' हा शब्द ऐकला की आपल्यासमोर मोठी परिषद, पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण आणि दुसऱ्या दिवशीचा फोटो उभा राहतो. पाच जूनला रोप लावायचे आणि सहा जूनला ते शेळीने खायचे! मजुरी करून पोट भरणारे घर मग सरळ विचारते, "आमच्याकडे मोटार नाही, एसी नाही. आम्ही कसला निसर्ग बिघडवला? ज्यांनी बिघडवला त्यांना सांगा की."

हे म्हणणे खोटे नाही. दोन खोल्यांत पाच माणसे राहणारे घर फारच थोडे वापरते आणि त्याहून थोडे फेकते. परंतु दोष कोणाचा, या प्रश्नाबरोबर नुकसान आधी कोणाच्या दारात येते हाही प्रश्न विचारला पाहिजे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रात्री कुत्री भुंकू लागली की आपोआप मिळते.

उकिरड्यापासून बिबट्यापर्यंत

कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली. कालव्याला पाणी आले, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या आला. ऊस वर्षभर उभा असतो. दाट सावली, जवळ पाणी आणि माणसाचा वावर कमी. बिबट्याची मादी तेथेच पिल्ले घालते व वाढवते. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके येतात आणि माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, यावरूनच या प्रश्नाचा आवाका ध्यानात यावा.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात हल्ले वाढले. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले, पण त्याने प्रश्न मिटला नाही, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. अगदी अलीकडे, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबुत परिसरात काही दिवसांच्या अंतराने तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरे होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला.

आता घराशी याचा संबंध काय? उसात राहणारा बिबट्या खातो काय, हे पाहिले की संबंध कळतो. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या एकूण खाद्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. कुत्री कशावर जगतात? उष्ट्या-खरकट्यावर, कोंबडीच्या आतड्यांवर, सडलेल्या भाजीवर. म्हणजे उघडा उकिरडा कुत्र्यांना पोसतो आणि कुत्री बिबट्याला वस्तीजवळ आणतात. आणि गावाचा उकिरडा कोठे असतो? वेशीबाहेर, म्हणजे पुष्कळ गावांत आपल्याच वस्तीच्या उशाला. घाण सगळ्या गावाची आणि जागरण आपले!

कचरा आवरला म्हणजे बिबट्या उद्या निघून जाईल, असे कोणी समजू नये. उसाचे क्षेत्र, पिंजरे, नुकसानभरपाई ही कामे सरकारची आहेत आणि ती मागितलीच पाहिजेत. पण साखळीतील एक कडी आपल्या हातात आहे. ती का सोडावी?

ओल्याची माती होऊ द्या

भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, शिळे अन्न हे सारे ओले. ते सुक्यात मिसळले की दोन्ही वाया जाते. वेगळे ठेवले की ओल्याचे खत होते आणि सुक्याचे भंगार होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेतकऱ्यांसाठी 'नाडेप' खताची पद्धत काढली. तिचे तत्त्व सोपे आहे: पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थरावर थर द्यायचे, ओल राखायची आणि बाजूने हवा खेळू द्यायची.

घरापुरते करायचे तर जुने पिंप किंवा गळका डबा पुरे. बाजूंना व तळाला भोके पाडा. तळाशी काड्या किंवा पाचट, त्यावर ओला कचरा, त्यावर मूठभर माती किंवा सुका पाला. रोज असाच थर द्या. फार ओले झाले तर वास सुटतो, तेव्हा सुका पाला वाढवा. मटण-मासळीचे अवशेष मात्र डब्यात नकोत. ते खोल पुरून वर दगड ठेवा, म्हणजे कुत्रे उकरणार नाही. दोन-तीन महिन्यांत जे खत होईल त्यावर दारात मिरची, वांगे, कढीपत्ता सहज येतो.

सुक्या कचऱ्याच्या पलीकडचे हात

आपण फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाते. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या या संघटनेतील बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि घरोघर कचरा गोळा करण्याचे काम या भगिनींना मानाने मिळाले. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव येथे घंटागाडीवर वा भंगाराच्या पोत्यावर काम करणारे हातही बहुधा आपल्याच माणसांचे असतात.

म्हणून फुटलेली काच, ब्लेड आणि इंजेक्शनची सुई उघडी टाकू नये. जाड कागदात किंवा डब्यात बंद करून, वर खूण करून वेगळी द्यावी. पाळीच्या वेळची वापरलेली पट्टीही कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून द्यावी. पुण्यातील कचरावेचक भगिनींनी हीच मागणी लोकांपुढे ठेवली. कोणाची घाण कोणी हाताळायची, हा प्रश्न आपल्या समाजाला नवीन नाही. निदान आपल्या घरातून तरी तो दुसऱ्याच्या हातावर ढकलला जाऊ नये.

चुलीत प्लॅस्टिक नको

पावसाळ्यात फाटी ओली असतात. चूल पेटत नाही, मग दुधाची पिशवी किंवा बिस्किटाचा कागद आत सारला जातो. झटकन पेटते खरे, पण तो धूर फुंकणी धरलेल्या बाईच्या आणि तिच्या कडेवरील लेकराच्या छातीत जातो. पीव्हीसीसारखे प्लॅस्टिक जळाले की डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक विषे तयार होतात. ती राख भांडी घासायला वा झाडांना घालायलाही चालत नाही. पेटवणासाठी पाचट, नारळाची शेंडी, मक्याची कणसे उन्हाळ्यातच कोरडी करून माळ्यावर ठेवावीत.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेत अनेक घरांत गॅस आला. टाकी महाग म्हणून ती पाहुण्यांसाठी राखून ठेवायची आणि रोजचा स्वयंपाक चुलीवर, असे पुष्कळ ठिकाणी चालते. सरपणासाठी पहाटे उसाच्या कडेने, ओढ्याने जावे लागते आणि बिबट्याची भीती तेथेच असते. तेव्हा टाकी पुरवून वापरणे हेच शहाणपण. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, पातेल्यावर झाकण ठेवा, उकळी आली की आच कमी करा, सगळी तयारी झाल्यावर शेगडी पेटवा. आम्हा कारकुनांना हिशोबाची खोड, म्हणून सांगतो: तीस दिवस पुरणारी टाकी तेहतीस दिवस पुरली तर वर्षाकाठी एक टाकी वाचते.

दिव्याचेही तसेच. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्याला नऊ युनिट होतात. नऊ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही.

पाण्याची पोढी

जुन्नरच्या लेण्यांत कातळात कोरलेली पाण्याची टाकी आपण पाहिली असतील. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. मानमोडीच्या डोंगरावरील लेखात नहपान राजाचा अमात्य अयम याने पोढी आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात एका शक उपासकाने करंजाची झाडे लावण्यासाठी वीस निवर्तने आणि वडाची झाडे लावण्यासाठी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न एका श्रेणीकडे सोपवले आहे. निवर्तन म्हणजे त्या काळचे जमिनीचे माप. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत पाणी साठवणे आणि झाड लावणे हे दान मानले जात होते. आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेलेल्या समाजाला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पावसाळ्यात या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागात कोसळधार पाऊस आणि उन्हाळ्यात त्याच गावांत हंड्यांची रांग, हे आपण पाहतो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसात ८६,४०० थेंब टाकतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी हे चार लिटरांहून जास्त होते. आठ-दहा रुपयांचा वायसर बदलला की काम झाले. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना, कपडे खळबळलेले पाणी मोरी किंवा अंगण धुण्यास वापरावे. सांडपाणी वाटेवर सोडू नये. दगड-विटांचे तुकडे भरून शोषखड्डा केला तर डासही कमी होतात आणि शेजाऱ्याशी भांडणही टळते.

कापडाचे आयुष्य

विनयपिटकात एक प्रसंग आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दिली. एवढ्या वस्त्रांचे भिक्षू करणार काय, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांची पांघरुणे, त्यांच्या पुढे गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी होतील आणि शेवटी त्यांचे तुकडे मातीत कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले.

आपल्या आजीने काय वेगळे केले? लुगडे जीर्ण झाले की त्याची गोधडी, गोधडी विरली की बाळाचे दुपटे, मग पायपुसणे आणि शेवटी पोतेरे. ही गरिबीची लाज नव्हे, हे शहाणपण आहे. आज स्वस्त कपडा दोन धुण्यांत विटतो आणि ओढ्याकाठी जाऊन पडतो. जुन्या साडीच्या चार पिशव्या शिवून दाराला टांगा, म्हणजे बाजाराला जाताना कॅरीबॅग घ्यावी लागणार नाही.

कार्यक्रमही आपलाच

महाराष्ट्रात २०१८ पासून पातळ पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. तरी आपल्या जयंतीच्या, लग्नाच्या आणि एक जानेवारीला भीमा कोरेगावच्या गर्दीनंतर मैदानावर काय उरते ते पाहावे. घरून पाण्याची बाटली व भाकरीचा डबा नेता येतो. मंडळाने वर्गणीतून स्टीलची शंभर ताटे-पेले एकदाच घेतले तर वस्तीच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते चालतात.

एकटीच्या डोक्यावर नको

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या सगळ्या सवयी आईने, सुनेने कामावरून आल्यावर करायच्या आणि बाकीच्यांनी लेख वाचायचा, असे होता कामा नये. खताचा डबा मुलाने सांभाळावा, शोषखड्डा बापाने खणावा, वायसर दादाने बदलावा. आणि गावाचा कचरा वस्तीशेजारी पडतो, तो हलवण्याचा अर्ज सर्वांनी मिळून ग्रामसभेत द्यावा, पोच घ्यावी आणि त्याचा पाठपुरावा करावा. तोंडी सांगितलेले विसरले जाते, नोंदवलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

तोपर्यंत एवढे पाळा. अंधारात मुलांना एकटे बाहेर पाठवू नका. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या, सोबत घ्या, बोलत जा. शेतात वाकून काम करताना कोणीतरी उभे राहून लक्ष ठेवावे. शेळ्या बंदिस्त गोठ्यात बांधा. बिबट्या दिसल्यास गर्दी करून त्याला घेरू नका, वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

या रविवारी आपल्या आळीतील पाच घरांनी दोन-दोन डबे ठेवावेत, एक ओल्याचा आणि एक सुक्याचा. पुढच्या रविवारी उकिरड्यावर कुत्री किती जमतात ते मोजावे. हिशोब वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत तो उपयोगी पडेल.