वैरागच्या बाजारात कोणाची सही कुठे लागते

बार्शीहून सोलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर वैराग लागतं. तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर, पण लोकसभेचं मतदान धाराशिव मतदारसंघात. सासुरे, सुर्डी, मालवंडी या भागातल्या माणसाला खत-बियाणं, कापड, भांडी, औषधं, मोटरपंपाची दुरुस्ती अशा सगळ्यासाठी वैराग गाठावं लागतं. स्वतंत्र वैराग तालुक्याची मागणी या बाजाराच्या जोरावरच होत आली. तालुका झाला नाही, नगरपंचायत मात्र झाली. पहिली निवडणूक २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशी दोन टप्प्यांत पार पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओबीसींसाठी राखीव जागा खुल्या कराव्या लागल्या, म्हणून त्या जागांचं मतदान मागाहून झालं. मतमोजणी १९ जानेवारीला एकत्रच झाली.

या बदलानंतर दुकानाची पाटी तीच राहिली आणि गिऱ्हाईकही तेच. बदलली ती सही करणारी माणसं. वैरागमध्ये दुकान चालवायचं तर कोणता कागद कोणाच्या हातात आहे, हे एकेक करून पाहू.

सत्ता कोणाकडे

ग्रामपंचायत चालते १९५८ च्या कायद्याने. नगरपंचायतीला लागू होतो तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. गावाचं शहर होण्याच्या वाटेवर असलेल्या भागासाठी नगरपंचायत असते. त्यासाठी लोकसंख्या १० हजार ते २५ हजारांच्या दरम्यान हवी आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाणही पाहिलं जातं.

प्रभाग १७, प्रत्येकाचा एक नगरसेवक. पहिल्या वेळी नगराध्यक्ष नगरसेवकांनी आपल्यातून निवडला. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि आता पुढच्या निवडणुकीत नगराध्यक्ष थेट जनतेतून येईल. ठराव सभागृह करतं. त्याची अंमलबजावणी, बिलांवरची सही आणि परवान्यांचं काम मुख्याधिकाऱ्याकडे असतं. हा राज्य सरकारचा अधिकारी, बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात. म्हणून ‘नगरसेवकाने शब्द दिलाय’ आणि ‘काम झालंय’ यांच्यामध्ये बऱ्याच सह्या बाकी असतात.

बार्शीच्या राजकारणात दिलीप सोपल आणि राजेंद्र राऊत यांचे दोन गट वर्षानुवर्षं आमनेसामने आहेत. २०१९ ची विधानसभा राऊतांनी जिंकली, २०२४ ची सोपलांनी. वैरागच्या निधीच्या, रस्त्याच्या चर्चेत या दोन गटांची नावं आल्याशिवाय राहत नाहीत. कारण सरळ आहे. नगरपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न तुटपुंजं असतं. मोठी कामं वित्त आयोगाच्या अनुदानावर आणि नगरोत्थानसारख्या राज्याच्या योजनांवर होतात, आणि योजनेचा पैसा आणण्यात आमदाराचं वजन लागतं.

दुकानाचा कर

ग्रामपंचायतीच्या काळात दुकानदाराकडे नमुना आठचा उतारा असायचा. नगरपंचायतीत त्याच्या जागी कर आकारणीचा उतारा येतो. दोन्ही उतारे कर कोणाच्या नावावर आहे एवढंच सांगतात. जागेची मालकी त्यांनी सिद्ध होत नाही. कर्जासाठी बँकेत गेलं की खरेदीखत किंवा मिळकत पत्रिका मागतात ती यामुळेच.

नगरपंचायतीत कर ठरवण्याची नेहमीची रीत भाड्यावर चालते. ती जागा वर्षाला किती भाड्याने जाऊ शकेल याचा अंदाज काढायचा आणि दुरुस्तीपोटी त्यातून १० टक्के वजा करायचे. समजा, गाळ्याचं वाजवी भाडं महिना ३,००० रुपये आहे. वर्षाचे झाले ३६,०००. दहा टक्के गेले की उरतात ३२,४००. हे करयोग्य मूल्य. सभेने ठरवलेली टक्केवारी या आकड्यावर लागते.

मागणीचं बिल हातात आलं की फक्त खालची बेरीज पाहू नये. त्यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, वृक्ष कर अशा ओळी असतात. शिक्षण कराची ओळ राज्य सरकारची. दुकान, गोदाम अशा बिगरनिवासी मिळकतीला रोजगार हमीचा उपकरही लागतो, तोही राज्याचा. नगरपंचायत तो गोळा करते आणि पुढे भरते. म्हणजे घराशेजारच्या दुकानाचं बिल घरापेक्षा जड येण्यामागे एकच कारण नसतं.

आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. यादी आधी जाहीर होते आणि हरकतीसाठी निदान ३० दिवसांची मुदत मिळते. तेव्हा गाळ्याचं मोजमाप चुकलंय, पत्र्याच्या शेडला पक्कं बांधकाम धरलंय, बंद खोली दुकानात मोजलीय, हे लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. ही मुदत निसटली की अपिलाचा रस्ता राहतो, पण तिथे मागणी केलेला कर आधी भरावा लागतो. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. वर्षाला २४ टक्के झाले. सावकारी व्याजाला नावं ठेवणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

परवाने

किरकोळ दुकानाला लागणारे बरेचसे कागद नगरपंचायतीच्या हातात नाहीत. दुकान व आस्थापनांचा २०१७ चा कायदा कामगार विभागाचा. तो आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीच्या जागी नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी ठरली. त्याच कायद्याने वर्षभर रोज दुकान उघडं ठेवण्याची मुभा मिळाली. कामगाराची आठवड्याची सुट्टी मात्र चुकवता येत नाही. खाण्याच्या पदार्थांच्या धंद्याला अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. उद्यम नोंदणी फुकट होते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देण्याचं काही कारण नाही. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी आला.

नगरपंचायतीकडे जावं लागतं ते बांधकाम परवानगीला. गाळा वाढवायचा, वर मजला चढवायचा, तर २०२० ची एकीकृत बांधकाम नियमावली लागते. आधी बांधून मग परवानगी, ही गावची सवय इथे महागात पडते.

रस्त्यावरचा धंदा

नगरपंचायत झाल्याचा सगळ्यात ठोस फायदा हातगाडीवाल्याला आणि पथारीवाल्या बाईला झाला, आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा फक्त नागरी भागाला लागू आहे. ग्रामपंचायतीत तो नव्हता. या कायद्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण करावं लागतं. ते होऊन प्रमाणपत्रं वाटून होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. मुख्याधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत. पूर्वापार भरत आलेला बाजार जागांच्या आराखड्यात विचारात घ्यावा लागतो. २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधीचं कर्जही शहरी विक्रेत्यांसाठी होतं. सुरुवातीला पहिला हप्ता १० हजारांचा होता, वेळेवर फेडला की २० हजार, मग ५० हजार मिळायचे.

आठवडे बाजारात जागेचे पैसे वसूल करण्याचा ठेका साधारणपणे वर्षाच्या लिलावाने दिला जातो. दर सभेने ठरवलेला असतो, वसूल ठेकेदार करतो. पावतीवर छापलेली रक्कम आणि हातात मागितलेली रक्कम एक आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. पावतीच नाही, तर पैसे नाहीत.

मार्केट यार्ड

धान्याचा मोठा व्यवहार नगरपंचायतीच्या कक्षेबाहेर चालतो. बार्शी कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार वैरागला आहे आणि तिथे १९६३ चा पणन कायदा चालतो. शेतकरी माल आणतो, आडत्या लिलावात मांडतो, खरेदीदार बोली लावतो, मापाडी तोलतो आणि हिशेबपट्टी होते. समजा, दहा क्विंटल तूर ७,००० रुपयांनी गेली. रक्कम झाली ७० हजार. बाजार फी शेकडा एक रुपया धरली तर ७०० रुपये, आणि ती भरायची खरेदीदाराने. शेतकऱ्याच्या पट्टीत ती कापलेली दिसली तर तिथल्या तिथे विचारावं. समितीचे संचालक वेगळ्या निवडणुकीतून येतात. पण गट, माणसं आणि प्रचार बहुतेक तेच.

बोलायचं कुठे

ग्रामपंचायतीत ग्रामसभा होती. उठून सरपंचाला जाब विचारता यायचा. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदानही संपलं. त्यामुळे गप्प बसायचं नसेल तर तारखा माहीत हव्यात. अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेरपर्यंत मंजूर होतं. रस्ता, गटार, बाजारओट्यांची मागणी डिसेंबर-जानेवारीतच आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे लेखी जायला हवी. विकास आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं की कोणाच्या जागेवर कसलं आरक्षण पडलंय ते नकाशावर पाहून मुदतीत हरकत द्यायची. उतारा किंवा दाखला अडला तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अर्ज करायचा. अधिसूचित सेवेला तिथे दिवसांची मर्यादा असते आणि ती मोडली की वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

ही कामं एकट्याने केली तर अर्ज फाइलीत पडून राहतो, बाजारपेठेतल्या वीस जणांनी मिळून केली तर त्याचा ठराव होतो. वैरागच्या व्यापाऱ्यांनी दर महिन्याला दोन माणसं नेमावीत आणि नगरपंचायतीचा सूचनाफलक वाचून त्यातल्या मुदती सगळ्यांना कळवाव्यात. याला खर्च काही नाही. बिल हातात पडल्यावर करायच्या धावपळीपेक्षा हे काम कितीतरी स्वस्त आहे.