तारापूरचे इंधन, पॅरिस आणि पेकिंग

तारापूरच्या अणुवीज केंद्रातील पहिले दोन संच १९६९ च्या ऑक्टोबरात रीतसर चालू झाले, तेव्हा चिंचणी-तारापूरच्या मच्छीमारांना किंवा बोईसरला वस्तीस येऊ लागलेल्या नोकरदारांना जर कोणी सांगितले असते, की या संचांना लागणारे इंधन एक दिवस पॅरिसच्या आणि त्यानंतर पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, संमतीने येणार आहे, तर त्यावर कोणाचा विश्वास बसला नसता. पण घडले ते असेच. आणि ते कसे घडले हे समजून घ्यायचे, तर फ्रान्सने चीनच्या दरबारी आपला वकील कसा पाठविला, कसा मागे घेतला आणि पुन्हा कसा नेमला, हा इतिहास पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

तारापूरचे हे दोन संच अमेरिकेच्या सहकार्याने उभे राहिले. त्यांना अल्प प्रमाणात समृद्ध केलेले युरेनियम लागते आणि ते त्या काळी आपल्याकडे तयार होत नव्हते. म्हणून ८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये जो करारनामा झाला, त्यात तीस वर्षांच्या मुदतीपर्यंत हा पुरवठा अमेरिकेने करावा असे ठरले. तिकडून येणाऱ्या द्रव्यापासून हैदराबादच्या अणुइंधन संकुलात इंधनकांड्या बनत आणि त्या तारापुरास येत. परंतु १९७४ च्या मे महिन्यात पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने असा कायदा केला की ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीस खुली नाहीत त्यास इंधन देऊ नये, आणि हिंदुस्थानने ही अट नाकारल्यामुळे पुरवठ्याचा मार्ग अडला. १९८० मध्ये सुमारे ३८ टनांच्या खेपेस राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात मंजुरी दिली, तीही सिनेटमध्ये अवघ्या दोन मतांनी तगली. यापुढे त्या दारी याचना करण्यात अर्थ नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

मग दुसरे दार कोणते? समृद्ध युरेनियम तयार करण्याचे सामर्थ्य असूनही अण्वस्त्रप्रसारबंदीच्या १९६८ च्या तहावर ज्यांनी सही केलेली नव्हती, अशी दोन प्रमुख राष्ट्रे त्या वेळी होती: फ्रान्स आणि चीन. इतरांनी लिहिलेल्या नियमांपुढे मान तुकवायची नाही, हा दोघांचाही बाणा होता, आणि याच बाण्याने त्यांना पूर्वी एकमेकांजवळ आणले होते.

त्यांच्या संबंधांचा आरंभ मात्र समानतेचा नव्हता. अफूच्या पहिल्या युद्धात इंग्रजांनी चीनला नमविल्यावर फ्रान्सचा वकील लाग्रने हा आरमारी गलबते घेऊन गेला आणि २४ ऑक्टोबर १८४४ रोजी व्हाम्पोआ येथे त्याने आपल्या व्यापाऱ्यांसाठी व धर्मोपदेशकांसाठी सवलतींचा तहनामा पदरात पाडून घेतला. शांघायमध्ये १८४९ साली फ्रेंचांचा स्वतंत्र इलाखा वसला. पुढे १८६० मध्ये इंग्रज व फ्रेंच फौजा पेकिंगात शिरल्या, सम्राटाच्या उन्हाळी प्रासादाची लूट व राखरांगोळी झाली, आणि त्यानंतरच, १८६१ साली, परकीय वकिलाने राजधानीत कायमचे बिऱ्हाड करावे ही गोष्ट चीनच्या दरबाराला मान्य करावी लागली. तोफेच्या धाकाने मिळालेला हा मान प्रजेच्या अंतःकरणात सलत राहिला. १८७० मध्ये तिएनत्सिन येथे फ्रेंच कॉन्सलची हत्या झाली, टाँकिनवरून १८८४-८५ मध्ये उभय राष्ट्रांत युद्ध पेटले, आणि १९०० च्या बॉक्सर बंडात पेकिंगमधील वकिलातींना पंचावन्न दिवस वेढा पडला. याच कालखंडात पॉल क्लोदेलसारखा श्रेष्ठ कवी चीनच्या बंदरांतून फ्रान्सचा कॉन्सल म्हणून वर्षानुवर्षे राहिला आणि त्या देशाकडे आदराने पाहत राहिला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु व्यक्तीचा आदर राज्याच्या अन्यायाची भरपाई करू शकत नाही.

१९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली, तेव्हा हिंदुस्थानने काही महिन्यांतच तिला मान्यता दिली. फ्रान्स मात्र तैवानला गेलेल्या जुन्या सरकारशीच संबंध ठेवून राहिला. पंधरा वर्षांनी जनरल द गोल यांनी हा पेच सोडविला. २७ जानेवारी १९६४ रोजी पॅरिस आणि पेकिंग यांनी परस्परांशी राजनैतिक संबंध जोडल्याचे जाहीर केले, आणि अमेरिकेची नाराजी पत्करून पाश्चात्त्य जगातील एका मोठ्या सत्तेचा राजदूत पेकिंगमध्ये रुजू झाला. द गोल यांची भूमिका अशी, की एखाद्या राज्याशी संबंध ठेवणे म्हणजे त्याच्या राज्यपद्धतीला संमती देणे नव्हे. जग जसे आहे तसे पाहून त्याच्याशी बोलता यावे, यासाठी वकील असतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चीनने पहिला अणुस्फोट केला, आणि हे बोलणे किती निकडीचे होते ते सर्वांस कळले.

हीच स्वतंत्र वृत्ती तारापूरच्या कामी आली. १९८२ च्या जुलैत इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या असता, अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे अशी तडजोड निघाली. तपासणीच्या अटी कोठवर आणि किती काळ लागू राहाव्यात, यावर पॅरिसशी पुष्कळ घासाघीस झाली. अखेर नोव्हेंबरात, राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या भारतभेटीच्या सुमारास, करार ठरला. मूळ करारनाम्याची मुदत १९९३ मध्ये संपेपर्यंत फ्रान्सने शब्द पाळला. पण तोवर जग बदलले होते. १९९२ मध्ये आधी चीन आणि मागाहून फ्रान्स, दोघेही अण्वस्त्रप्रसारबंदीच्या तहात सामील झाले, आणि सर्व केंद्रांच्या तपासणीची अमेरिकी अट आता फ्रान्सनेही स्वीकारली. चीन तहात आला खरा, परंतु पुरवठादार राष्ट्रांच्या ज्या मंडळाने ही अट घातली होती त्याचा तो तेव्हा सभासद नव्हता. तेव्हा १९९५ मध्ये तारापूरसाठी समृद्ध युरेनियम आले ते चीनहून. आणि त्याच सुमारास चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर दाया बे येथे फ्रेंच बनावटीच्या अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या होत्या.

ज्या चीनशी १९६२ मध्ये युद्ध झाले त्याच्याकडून हे इंधन मिळू शकले, कारण युद्धानंतरही नवी दिल्लीने पेकिंगची वकिलात बंद केली नाही. राजदूत नसला तरी कारभारी तेथे होता. १९७६ मध्ये के. आर. नारायणन राजदूत म्हणून गेले, १९८८ मध्ये राजीव गांधी आणि १९९३ मध्ये नरसिंह राव यांनी चीनला भेट दिली. सरहद्दीचा वाद मिटला नाही, पण व्यवहाराची वाट खुली राहिली.

अशी वाट बंद केली की काय होते, ते जवळच दिसते: आज तारापूर ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील वसईला ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी तह केला आणि कंपनीशी सल्लामसलत केल्याशिवाय अन्य कोणत्याही सत्तेशी बोलणी करणार नाही, असे लिहून दिले. त्याआधी पंचवीस वर्षे नाना फडणिसांनी सेंट ल्यूबँ या फ्रेंच वकिलाचा पुण्यात सत्कार करून इंग्रजांना अस्वस्थ केले होते. वसईनंतर तसे करण्याचा हक्कच दरबाराला उरला नाही, आणि त्या दिवसापासून पेशवाईचे स्वातंत्र्य नावापुरते राहिले. वॉशिंग्टनने नाही म्हटल्यावर पॅरिसकडे आणि पॅरिसने हात आखडल्यावर पेकिंगकडे वळण्याची मोकळीक स्वतंत्र भारताला होती, म्हणून तारापूरचे काम थांबले नाही. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्याही राजधानीत आपला माणूस असावा आणि त्याने तेथे काय बोलावे हे आपण स्वतः ठरवावे, यातच राज्याचे स्वातंत्र्य सामावलेले असते. आणि ते गमावले तर त्याची किंमत दिल्लीइतकीच तारापूरच्या विजेवर कामधंदा चालणाऱ्या सामान्य माणसालाही मोजावी लागते.