उन्हाळी विज्ञान शिबिरे आणि कुटुंबाचा सहभाग : 'शून्य सावली दिवस' या उपक्रमाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : उन्हाळी शिबिर, विज्ञान प्रसार, शून्य सावली दिवस, स्थानिक मध्यान्ह, पालकांचा सहभाग.

प्रस्तावना :

वार्षिक परीक्षा संपल्या की शहरांतून आणि आता तालुक्याच्या गावांतूनही मुलांसाठी विज्ञान शिबिरे भरू लागतात. महाराष्ट्रात विज्ञान प्रसाराची परंपरा जुनी आहे. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले आणि १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्र खुले झाले. पुण्याच्या आयुकात श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी करण्याचा मार्ग रूढ केला. तथापि अनेक शिबिरांचे आजचे स्वरूप पाहिले असता प्रयोग मार्गदर्शक करतो, मुले टाळ्या वाजवितात आणि पालक मुलाला फाटकाशी सोडून परत जातात, असेच चित्र बहुधा दिसते. मुलाने स्वतः निरीक्षण करावे आणि घरच्यांनी त्यात सहभागी व्हावे, यासाठी कोणता उपक्रम योजता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात 'शून्य सावली दिवस' या उदाहरणाच्या आधारे केला आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण :

'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य आपण सर्वच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वस्तुतः कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशातच सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि तोही वर्षातून केवळ दोन दिवस. ज्या दिवशी सूर्याची क्रांती त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी स्थानिक मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या तळाशीच सामावते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे असा दिवस कधीच येत नाही. महाराष्ट्र मात्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत असता कोल्हापुरात सुमारे ६ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मे या सुमारास हा दिवस येतो. दुसरा दिवस दक्षिणायनात येतो. परंतु त्या वेळी आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते. म्हणजेच निसर्गाने हा प्रयोग जणू मे महिन्याच्या सुटीसाठीच राखून ठेवला आहे.

यातील दुसरा मुद्दा वेळेचा होय. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्या बराच पश्चिमेस आहे. प्रत्येक अंशास ४ मिनिटे या हिशेबाने, काल-समीकरणाची दुरुस्ती धरून, मेच्या मध्यास पुण्यात मध्यान्ह सुमारे १२ वाजून ३१ मिनिटांनी, तर मुंबईत १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. नागपुरात मेच्या अखेरीस ती १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास होते.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखिकेने काही वर्षांपूर्वी पुण्यात एका सुटीतील शिबिरात हा उपक्रम घेतला तेव्हा भूगोलाची अध्यापक असूनही मुलांना ठीक बारा वाजता अंगणात उभे केले. १ मीटर उंचीच्या काठीची सावली तेव्हा सुमारे १३ सेंटिमीटर होती. ती नाहीशी होईना, म्हणून 'आज गणित चुकले असावे' असे सांगून मुलांना आत पाठविण्याची तयारी सुरू झाली. तेवढ्यात मुलाला घेण्यास आलेल्या एका मातेने सहज सांगितले, "मॅडम, आम्ही गच्चीवर कुरडया वाळत घालतो ना, तिथं सावली बारा वाजून गेल्यावरच पायाखाली येते." मुले थांबली आणि साडेबाराच्या सुमारास सावली खरोखरच दिसेनाशी झाली. ज्या गोष्टीचे सूत्र लेखिकेस पाठ होते, ती गोष्ट वाळवणाच्या निमित्ताने त्या बाईंनी प्रत्यक्ष पाहिलेली होती. पालकांना फाटकाबाहेर ठेवून शिबिर काय गमावते, हे त्या दिवशी लक्षात आले.

कार्यपद्धती :

या उपक्रमास महागडे साहित्य लागत नाही. पुठ्ठ्यास सुईने बारीक छिद्र पाडून तो जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटर उंचीवर आडवा बसवावा. जमीन सपाट आहे की नाही हे गवंड्याच्या पाणसळीने पाहावे आणि छिद्राच्या थेट खालचा बिंदू ओळंब्याने निश्चित करावा. पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याची सुमारे १ सेंटिमीटर व्यासाची गोल प्रतिमा पडते. काठीच्या सावलीची कड नेहमी पुसट असते. या प्रतिमेचा मध्य मात्र नेमका नोंदविता येतो. मध्यान्हीच्या आधी व नंतर दर दोन मिनिटांनी हा मध्य कागदावर टिपावा. ओळंब्याच्या बिंदूपासूनचे त्याचे किमान अंतर म्हणजे त्या दिवसाची मध्यान्हीची सावली होय.

येथे कुटुंबाची भूमिका सुरू होते. मे महिन्यात अनेक मुले मामाच्या गावी जातात, ही गोष्ट शिबिराची अडचण न मानता तिचा उपयोग करून घ्यावा. समजा, भाची पुण्यात आणि मामा कोल्हापुरात आहे. कोल्हापुरात शून्य सावली असेल त्या दिवशी पुण्यात १०० सेंटिमीटर उंचीसाठी सुमारे ३.१ सेंटिमीटर सावली उत्तरेकडे पडते. यावरून सुमारे १.८ अंशाचा कोन मिळतो. नकाशावरून दोन्ही शहरांतील दक्षिणोत्तर अंतर मोजावे. रस्त्याचे अंतर येथे चालत नाही. ते सुमारे २०० किलोमीटर भरते. १.८ अंशास २०० किलोमीटर, तर ३६० अंशांस ४०,००० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ असा घरच्या अंगणात मिळतो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिसने हीच रीत वापरली होती.

मोजणीत २ मिलिमीटरांची चूक झाल्यास उत्तरात सुमारे अडीच हजार किलोमीटरांचा फरक पडतो. हा फरक लपवू नये. मुलांनी आपापली उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि ती वेगळी का आली याची चर्चा करावी. विज्ञानाचा खरा पाठ तेथेच आहे.

मर्यादा व दक्षता :

मेमधील दुपारचे ऊन, विशेषतः विदर्भ व मराठवाड्यात, घातक ठरू शकते. प्रत्यक्ष निरीक्षण वीस मिनिटांपुरतेच ठेवावे, मुलांनी आळीपाळीने उन्हात यावे, इतर वेळी सावलीत बसावे आणि पिण्याचे पाणी जवळ असावे. सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना प्रारंभीच द्यावी. प्रतिमा जमिनीवर पाहावयाची असल्याने वर पाहण्याची आवश्यकताही उरत नाही.

निष्कर्ष :

१. शून्य सावली दिवस हा अल्प खर्चाचा, स्थानिक आणि सुटीच्या काळाशी जुळणारा उपक्रम असून तो कोणत्याही महाविद्यालयाच्या भूगोल वा भौतिकशास्त्र विभागास घेता येण्यासारखा आहे.
२. पालकांचे दैनंदिन निरीक्षण हे शिबिराचे साधन मानले पाहिजे.
३. चुकलेले उत्तर आणि त्याचे कारण यांची नोंद ही यशस्वी प्रयोगाइतकीच महत्त्वाची आहे.

अध्यापकाने मुलांसमोर आपली चूक मान्य केल्याने त्याचा अधिकार कमी होत नाही. सावली बारा वाजता नाहीशी झाली नाही, म्हणूनच त्या दिवशी मुलांना 'का?' असे विचारता आले. हा प्रश्न विचारण्याची संधी देणे हेच उन्हाळी शिबिराचे प्रयोजन होय.