विंडोज ११ : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

मुरबाड तालुक्यातलं धसई हे डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा चर्चा होती ती दुकानांतल्या स्वाइप मशीनची. आज सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पतपेढीचा हिशेब अशी सगळीच कामं संगणकावर आली आहेत. यातले कितीतरी संगणक विंडोज १० वर चालतात आणि त्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११ मारून देतो, एवढे एवढे होतील,’ हे वाक्य तेव्हापासून मुरबाड-शहापुरापासून कल्याण-उल्हासनगरपर्यंत ऐकू येतं. या रकमेत मजुरी किती आणि परवान्याची किंमत किती, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. पुढचे बहुतेक गैरसमज या एका न विचारलेल्या प्रश्नातून आले आहेत.

गैरसमज १ : विंडोज ११ विकत घ्यावीच लागते.

वस्तुस्थिती : संगणकावर अस्सल, अ‍ॅक्टिव्हेट झालेली विंडोज १० असेल आणि यंत्र पात्र असेल, तर विंडोज ११ चा परवाना फुकट मिळतो. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडलं की पात्र संगणकावर तसा प्रस्ताव दिसतो. दुकानदार हे काम करून देत असेल तर त्याने वेळेचे आणि कौशल्याचे पैसे घेणं रास्तच आहे. पण ती मजुरी झाली. परवान्याचे म्हणून वेगळे पैसे मागितले, तर ते कशाचे हे विचारायला हवं.

विंडोज ७ किंवा ८ असलेल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यासाठीची मोफत योजना अधिकृतपणे जुलै २०१६ मध्येच संपली. त्यानंतरही सुरू राहिलेली पळवाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

गैरसमज २ : रॅम वाढवली आणि एसएसडी टाकली की कोणत्याही संगणकावर विंडोज ११ चालते.

वस्तुस्थिती : एसएसडीने जुन्या संगणकाचा वेग नक्कीच वाढतो, पण पात्रता बदलत नाही. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी सोप्या आहेत. खरी अडचण येते ती प्रोसेसर आणि टीपीएम २.० या सुरक्षा-घटकापाशी. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. पिढी नावातच लिहिलेली असते : आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-४५७० म्हणजे चौथी. कंपन्यांनी काढून टाकलेले संगणक स्वस्तात घेताना हा आकडा आधी वाचावा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप सगळ्या अटी तपासून निकाल सांगतं. कधी टीपीएम यंत्रात असतो, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. तो सुरू करायला नवा सुटा भाग लागत नाही.

अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्याही आहेत. मात्र अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेटसाठी केलेला खटाटोप अपडेटवाचूनच संपू शकतो.

गैरसमज ३ : पाचशे रुपयांत मिळणारी ‘की’ ओरिजिनलच असते, कारण ती अ‍ॅक्टिव्हेट होते.

वस्तुस्थिती : अ‍ॅक्टिव्हेट होणं आणि परवाना असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिटेल परवाना एका वेळी एकाच संगणकावर वापरता येतो आणि नव्या संगणकावर हलवता येतो. ओईएम परवाना ज्या संगणकाबरोबर आला, त्याच्याशीच बांधलेला असतो. व्हॉल्यूम परवाना कंपन्या-संस्थांसाठी असतो. त्यातली एक की फोडून शंभर जणांना विकली, तर ती काही दिवस चालेलही, पण मायक्रोसॉफ्टने बंद केली की दाद मागायला जागा उरत नाही. अमेरिकेत विंडोज ११ होमची अधिकृत किंमत १३९ डॉलर आहे. तीच वस्तू काही शे रुपयांत मिळत असेल, तर संशय घ्यावा.

स्वतःच्या संगणकाची परीक्षा सोपी आहे. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ उघडा. तुमच्या घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर तिथे ‘ऑर्गनायझेशन’च्या सेवेतून अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं लिहिलेलं असेल, तर बहुधा कोणीतरी क्रॅक वापरला आहे. असे क्रॅक चालवताना अनेकदा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे चोराला आत घेण्यासाठी राखणदाराला सुट्टी द्यायची. कायद्याचाही भाग आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार नकली प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यवसायासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्याला तो आधार नाही.

गैरसमज ४ : आता विंडोज १० बंद पडणार.

वस्तुस्थिती : संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो. थांबतात ते सुरक्षेचे अपडेट. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडल्या तर ती मोफत आहे, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम मोजून घेता येते. मात्र संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते.

‘आमचा संगणक हॅक करून कोणाला काय मिळणार?’ हा प्रश्न यालाच जोडून येतो. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ व्हायरसने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. त्या हल्ल्याचा रोख मुळात युक्रेनवर होता. तो पसरण्यासाठी विंडोजमधली जी त्रुटी वापरली गेली, तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. असे व्हायरस नाव-गाव पाहत नाहीत, अपडेट न केलेलं यंत्र शोधतात.

गैरसमज ५ : अपग्रेड केलं की डेटा जातो आणि मराठी टायपिंग बिघडतं.

वस्तुस्थिती : विंडोज अपडेटमधून केलेल्या अपग्रेडमध्ये फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. डेटा जातो तो फॉरमॅट मारून नव्याने बसवताना. तरीही टॅलीचा डेटा, फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत. काम मध्येच वीज जाऊन अडू नये म्हणून संगणक यूपीएसवर असावा. डाउनलोड काही जीबींचं असतं, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुरू करण्याआधी डेटा किती उरला आहे ते पाहावं.

नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ‘मंगल’ फॉन्ट दिसला नाही, तर तो विकत घ्यायचा नसतो. भाषांच्या यादीत मराठी जोडली की देवनागरीचे जादा फॉन्ट मोफत उतरतात. मराठी फोनेटिक कीबोर्ड तर २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. मात्र जुना प्रिंटर किंवा बोटांचे ठसे घेणारं यंत्र असेल, तर त्याचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधीच पाहून ठेवावं.

गैरसमज ६ : कामासाठी ‘प्रो’च लागते.

वस्तुस्थिती : दाखले, टायपिंग, हिशेब, ऑनलाइन अर्ज या सगळ्याला होम पुरते. प्रोचा उपयोग होतो तो कार्यालयाच्या डोमेनला संगणक जोडायला किंवा दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करायला. ती गरज नसेल, तर वरचे पैसे वाया जातात.

संगणक अपात्रच ठरला, तरी तो लगेच भंगारात द्यायला नको. उबंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची ‘बॉस’ या प्रणाली फुकट आणि कायदेशीर आहेत. मुलांचा अभ्यास, लेखन आणि इंटरनेट यांसाठी त्या पुरतात. विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागत असेल, तरच नव्या यंत्राचा विचार करावा.

काम दुकानात दिलंत, तर बिलावर मजुरी आणि परवाना अशा दोन वेगळ्या ओळी मागा. आणि संगणकात मायक्रोसॉफ्ट खातं तुमचंच टाकलं आहे ना, हे घरी नेण्यापूर्वी पाहा. विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते आणि ती उघडण्याची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. खातं दुकानदाराचं असेल, तर उद्या अडचण आल्यावर तुमच्याच फाइलींसाठी तुम्हाला त्याला शोधत फिरावं लागेल.