युनिक्सच्या हस्तपुस्तिकेची विभागणी

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका सिद्ध केली, तेव्हा ती लिहिणारे, वाचणारे आणि त्या यंत्राचा कारभार पाहणारे एकाच लहानशा मंडळीतले असल्यामुळे, सामान्य वापरकर्त्याला काय सांगावे आणि व्यवस्थापकाच्या अखत्यारीत काय ठेवावे हा प्रश्न आजच्या तीव्रतेने उभा राहण्याचे कारणच नव्हते. तरीही त्यांनी सात विभाग पाडले, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत प्रणालीच्या देखभालीचा आठवा विभाग स्वतंत्रपणे उभा असलेला दिसतो. त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या खंडात ब्रायन कर्निघन यांचे नवशिक्यांसाठीचे प्रकरण आहे. ज्याला शिकायचे आहे आणि ज्याला कारभार चालवायचा आहे, त्या दोघांची गरज निराळी आहे, याची जाणीव तेव्हाच झाली होती.

या मांडणीचे मर्म ‘पासवर्ड’ या एका विषयावरून ध्यानात येते. पहिल्या विभागातले ‘पासडब्ल्यूडी’चे पान आपला परवलीचा शब्द कसा बदलावा एवढेच सांगते, पाचव्या विभागातले त्याच नावाचे पान मात्र, वापरकर्त्यांच्या नोंदी ज्या फायलीत ठेवलेल्या असतात तिच्या प्रत्येक ओळीतली, अपूर्णविरामांनी विलग केलेली सात पदे उलगडते: नाव, परवली, वापरकर्त्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक आणि पुढचा तपशील. दोन्ही पानांच्या तळाशी ‘हेही पाहा’ असा एक लहानसा परिच्छेद असतो, आणि त्यातून एका पानावरून दुसऱ्यावर जाता येते. हद्द आखलेली आहे, पण ती ओलांडण्याची वाटही तिथेच दाखविलेली आहे. माझ्या मते त्या हस्तपुस्तिकेचा सर्वांत मोठा गुण हाच.

१९८६ च्या बर्कलेच्या ४.३ आवृत्तीत वापरकर्ता, प्रोग्रामर आणि प्रणाली-व्यवस्थापक यांच्यासाठी निरनिराळे खंड निघाले. विद्यापीठातल्या एका यंत्रावर शेकडो लोकांची खाती आणि त्यांची व्यवस्था पाहणारे मोजके कर्मचारी असत, त्या काळी डिस्कची तपासणी, टपालव्यवस्थेची उभारणी, छपाईच्या रांगांचे नियमन हे सारे व्यवस्थापकाच्या खंडात जाणे रास्तच होते.

युनिक्सच्याच धाटणीची लिनक्स प्रणाली घरोघरी पोहोचली आणि ही सोयीची विभागणी डळमळू लागली, कारण सकाळी पत्र लिहिणाऱ्या माणसालाच संध्याकाळी डिस्क जोडण्याची आज्ञा शोधत आठव्या विभागात शिरावे लागे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स दस्तऐवज प्रकल्पानेही लॅरी ग्रीनफिल्ड यांचा वापरकर्त्यांसाठीचा आणि लार्स विर्झेनियस यांचा व्यवस्थापकांसाठीचा असे दोन ग्रंथ वेगळे ठेवले खरे, परंतु लोकांना मनापासून भावले ते ‘हाऊटू’: वाचणाऱ्याचा हुद्दा न विचारता, हाती घेतलेले काम पुरे कसे करावे एवढ्यावरच रचलेले लेख.

मला हीच दिशा योग्य वाटते. कामाप्रमाणे पाने पाडावीत, ज्या कृतीचा परिणाम इतरांच्या खात्यांवर होतो तिथे अधिकाराची अट ठळक लिहावी, आणि पुढचे पान कोणालाही वाचू द्यावे. आज पुष्कळ सेवांचा मदत-विभाग ‘आपल्या व्यवस्थापकाशी संपर्क साधा’ या वाक्यावर थांबतो. त्या व्यवस्थापकाने काय करावयाचे आहे, हे विचारणाऱ्याला कळतच नाही, आणि मग तो आपली मागणीही नीट मांडू शकत नाही. याउलट राफाएल हर्त्झोग आणि रोलाँ मास यांचा डेबियन या लिनक्स-वितरणाच्या व्यवस्थापकांसाठीचा ग्रंथ २०१२ मध्ये इंग्रजीत मुक्त परवान्याखाली आला, आणि तो डेबियनमध्येच एका पॅकेजच्या रूपाने मिळत असल्याने सामान्य वापरकर्त्यालाही तो आपल्या यंत्रावर उघडून वाचता येतो.